शकुंतलेचं विवरणपत्र

फॉर्म भरण्याच्या बाबतीत माझ्याइतका गर्व यवतमाळ जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, पीकविमा, शिष्यवृत्ती, आमच्या वाघापुरात कुणाचा कागद अडला की पोराला पिटाळतात, "जा, मॅडमला विचारून ये." 2024 च्या जुलैत 'लाडकी बहीण' आली तेव्हा आमच्या ओट्यावर चपलांचा ढीग पडायचा आणि चहा करून करून सासूबाई वैतागायच्या. हमीपत्रात कुठे टिक मारायची ते मी कणीक मळता मळता सांगत असे. शाळेत यू-डायस माझ्याकडे, पोषण आहाराची रोजची नोंद माझ्याकडे, आणि मुख्याध्यापकाची जागा रिकामी असल्यामुळे प्रभारही माझ्याकडे. (हा प्रभार लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.) त्यामुळे आमच्या ह्यांनी टेक्सासहून फोनवर सांगितलं, "अगं, यंदा माझ्या टॅक्समध्ये तुझंही नाव घालायचं म्हणतो, एक छोटासा फॉर्म आहे," तेव्हा मी म्हटलं, "पाठवा. शाळा सुटली की भरून टाकते."

मी तिकडे का जात नाही, हे विचारणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना मी माणूस पाहून उत्तर देते. कुणाला सांगते, एच-वनवाल्याच्या बायकोला एच-फोर मिळतो आणि त्यावर सरसकट नोकरी करता येत नाही. मग जिल्हा परिषदेची पक्की नोकरी कोण सोडणार? कुणाला सांगते, सासूबाईंना यवतमाळबाहेरचं पाणी बाधतं. खरं कारण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

तर हिशेब असा. नवराबायकोनं वेगवेगळं विवरणपत्र भरलं तर 2024 सालासाठी ठरावीक वजावट 14,600 डॉलर. दोघांनी मिळून भरलं तर 29,200. मी गणिताची बाई, फरक काढायला मला कागद लागला नाही. 14,600 डॉलर म्हणजे त्या वर्षीच्या सरासरी दरानं बारा लाखांच्या वर. "आई," मी सासूबाईंना म्हटलं, "मी नुसती कागदावर असले तरी तुमच्या मुलाला बारा लाखांची आहे." वजावट म्हणजे बचत नव्हे, कर तर तिच्या एका हिश्श्यावरच वाचतो, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना ते सांगायची गरज वाटली नाही. त्या आठवड्यात भाजीला फोडणी त्यांनी दिली.

तिकडच्या सीएनं आणखीही एक वाट दाखवली होती. बायको तिकडची रहिवासी नसेल आणि घरात सांभाळायला एखादं मूल वगैरे असेल, तर करापुरतं नवऱ्याला अविवाहित समजता येतं. आम्हाला ती लागू नव्हती, तरी सांगितल्यावाचून ह्यांना राहवलं नाही. 'करापुरतं' या शब्दावर त्यांनी इतका जोर दिला, की मला उगाच शंका यायला लागली.

शेवटी ठरलं, संयुक्त. त्यासाठी दोघांनी सहीनिशी लिहून द्यायचं, की यवतमाळात राहणाऱ्या या बाईला करापुरतं अमेरिकेची रहिवासी समजावं. आणि ही समजूत संपते चार प्रकारांनी: दोघांपैकी एकानं ती मागे घेतली तर, एकाचा मृत्यू झाला तर, दोघं कायद्यानं वेगळे झाले तर, किंवा हिशेबाचे कागद नीट ठेवले नाहीत तर. ती मागे घेतली किंवा कागदांपायी गेली, तर त्याच दोघांना पुन्हा कधी तशी मागता येत नाही. मी हे फोनवर मोठ्यानं वाचलं. आमच्या लग्नात भटजींनी अग्नीला साक्षी ठेवलं, सात पावलं चालायला लावली, पण पावत्यांचा विषय काही काढला नव्हता.

"आणि खाली बघ," हे म्हणाले, "कर थकला तर दोघंही जबाबदार. ते कुणाकडूनही पूर्ण वसूल करू शकतात."

सासूबाईंना हे ताबडतोब कळलं. "म्हंजे सोसायटीच्या कर्जाले जामीन रायते, तसं? पाहून सही कर बापा. तुह्या सासऱ्यानं अशीच एकाले सही देल्ली होती."

मग सीएची प्रश्नावली आली. गेल्या तीन वर्षांत अमेरिकेत किती दिवस राहिलात? तिकडचा नियम असा, की चालू वर्षात निदान 31 दिवस भरले पाहिजेत आणि तीन वर्षांची बेरीज 183 झाली पाहिजे. पण बेरजेत चालू वर्षाचा दिवस पुरा धरायचा, आदल्या वर्षीचा एक तृतीयांश आणि त्याच्या आदल्या वर्षीचा एक षष्ठांश. अपूर्णांक हा माझा सातवीच्या वर्गातला हुकमाचा धडा. हे उदाहरण फळ्यावर घालायचं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. इकडे आपलं सरकार उलट्या बाजूनं मोजतं, 182 दिवस भारतात भरले की इथले रहिवासी. म्हणजे दोन सरकारं एकाच माणसाचे दिवस दोन टोकांनी मोजत बसलेली.

ह्यांनी तारखांची यादी पाठवली आणि तपासायला म्हणून मी ती घेऊन बसले. तिकडच्या दिवसांच्या मधेमधे जी भोकं होती, ती आमची. एक दिवाळी. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. माझ्या भाचीचं लग्न, ज्याला ते पोहोचले तेव्हा मांडववाले बांबू मोजत होते. सवयीनं मी तोच नियम भोकांनाही लावून पाहिला. ती दिवाळी आदल्या वर्षीची, म्हणजे तिचा प्रत्येक दिवस तिसऱ्या भागाचा. ऑपरेशन त्याच्या आदल्या वर्षीचं, सहावा भाग. बेरीज केली, पुन्हा केली, आणि पेन्सिल ठेवून दिली.

"चुकलं काय वं गणित?" सासूबाई.

"नाही आई, बरोबर आलं."

यापुढचं अवघड काम माझ्या नंबराचं. माझा तिकडचा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तेव्हा कर भरण्यापुरता नऊ आकडी नंबर मागायचा. त्यासाठी डब्ल्यू-सेव्हन नावाचा अर्ज आणि सोबत मूळ पासपोर्ट. नाहीतर पासपोर्ट देणाऱ्या कचेरीनंच प्रमाणित केलेली प्रत. नोटरीची प्रत चालत नाही. हे ऐकून मला धक्काच बसला. आयुष्यभर मी 'सत्यप्रत' या शिक्क्यावर जगले आहे. माझ्या टेबलाच्या खणात तो शिक्का जांभळ्या पॅडसकट असतो. आणि इथे मूळ पासपोर्ट पाकिटात घालून टेक्सासातल्या ऑस्टिनला पाठवा म्हणतात, सात आठवड्यांत काम होतं, सीझनमध्ये किंवा परदेशातून पाठवला तर त्याहून जास्त. समुद्रापार गेलेली वस्तू आमच्या जिल्ह्याला परत मिळाल्याचा अनुभव नाही. मला एकदम शकुंतला आठवली.

कालिदासाची नव्हे. आमची, मूर्तिजापूरवाली.

शकुंतलेचा विषय निघाला की मला थांबवणं कठीण जातं, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना माहीत आहे; मी 'अडीच फुटी रूळ' म्हणेपर्यंत जाधव सर डबा झाकतात. पण तुम्ही बसा. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, तिथून अचलपूर आणखी 76. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं ही लाइन टाकली ती आमच्या प्रवासाची सोय व्हावी म्हणून नाही. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीवर चढावा, मुंबईला जावा आणि तिथून बोटीनं मँचेस्टरच्या गिरण्यांत, एवढ्यासाठी. तिला ओढणारं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 चं. कापूस जिथे जायचा तिथूनच त्याला न्यायला गाडी यायची, इतका चोख कारभार. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या. ही मात्र कंपनीचीच राहिली. चालवायची आपल्या रेल्वेनं, माणसं आपली, कोळसा आपला, बसणारे आम्ही, आणि करारापोटी पैसा कंपनीला. दहा-दहा वर्षांनी करार पुढे. इंग्रज गेले, शकुंतला त्यांच्याच सातबाऱ्यावर.

लहानपणी आजोबांबरोबर मी तिच्यातून दारव्हा मोतीबागला जायची. खिडकीशी बसायचं नाही, असा दम असायचा, कारण डोळ्यात कोळशाचा कण जाई. मी खिडकीशीच बसे आणि कण जाईच. मग आजोबा धोतराचा सोगा फुंकून गरम करत आणि डोळ्यावर धरत. तिकीट गार्डच फाडायचा. आजोबांच्या आणि त्याच्या गप्पा संपल्याशिवाय गाडी सुटत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. 15 एप्रिल 1994 ला ते वाफेचं इंजिन काढून डिझेलचं लावलं. सत्तर वर्षं गाडी ओढून बिचारं सेवानिवृत्त झालं. पुढे गाडीही थांबली. नवी ब्रॉडगेज वर्ध्याकडून निघाली ती 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत आली, चिंतामणीच्या दारात.

आणि आता मूळ मुद्दा, ज्यासाठी मी एवढा वेळ घेतला: 15 एप्रिल हीच अमेरिकेत विवरणपत्र भरण्याची शेवटची तारीख. यावरून काही सिद्ध होत नाही, कबूल. पण हे माझ्या लक्षात आलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि मी तशीच ह्यांना फोन करून सांगितलं. तिकडे दुपार होती. हे मीटिंगमध्ये होते आणि स्पीकर चालू होता.

कालिदासाच्या शकुंतलेलाही खरं तर हाच ताप झाला. लग्न झालेलं, नवरा परमुलखात मोठ्या पदावर, आणि ओळख पटवायला एकच मूळ कागद, म्हणजे अंगठी. तीही माशाच्या पोटात. सत्यप्रत दुष्यंतानंही चालवून घेतली नसती. मी ह्यांना निक्षून सांगितलं, पासपोर्ट ऑस्टिनच्या माशाला देणार नाही. मग असं निघालं, की या कामासाठी अमेरिकेनं मान्यता दिलेले एजंट आपल्याकडेही असतात. ते मूळ पासपोर्ट डोळ्यांनी पाहतात, खरा असल्याचं लिहून देतात आणि पासपोर्ट आपल्या हातात परत ठेवतात. असा एक मुंबईत सापडला. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरली, पर्समध्ये पासपोर्ट आणि पिशवीत एजंटासाठी बुढीचा चिवडा. त्यानं पासपोर्टची पानं उलटली, सगळी कोरी. "मॅडम, तुम्ही कुठेच गेला नाहीत?" म्हणाला. अमेरिकेच्या रहिवाशाला असा प्रश्न! मी चिवडा पिशवीतच ठेवणार होते, पण काम व्हायचं होतं.

घरी येऊन उत्पन्नाला हात घातला. संयुक्त भरायचं म्हणजे माझं इथलं सगळं उत्पन्न तिकडे दाखवायचं. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. त्यामुळे दोन फॉर्म सोळा फाडून एक वर्ष शिवावं लागतं: जानेवारी ते मार्चचा पगार या वर्षातून, एप्रिल ते डिसेंबरचा त्या वर्षातून. शालार्थमधल्या पगारपत्रकांची मी अशी चळत लावली, की सीएनं म्हणे ह्यांना विचारलं, तुमची बायको अकाउंटंट आहे का. हे वाक्य मी शाळेत, माहेरी आणि चाळीशी बदलायला गेले तिथेही सांगितलं. पीपीएफचं व्याज आपल्याकडे करमुक्त, तिकडे नाही. तेही लिहिलं.

राहिली शेती.

राळेगाव तालुक्यात बाबांनी माझ्या नावावर केलेलं पाच एकर आहे. वाहतो माझा दादा. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही. आमच्या घराण्यात आजवर कापसाचा हिशेब कुठल्याच सरकारनं मागितला नव्हता. अमेरिका मागते. त्यासाठी शेड्यूल एफ नावाचा वेगळा तक्ता आहे. बी, खत, फवारणी, मजुरी, भाड्याचा ट्रॅक्टर, सगळ्याला ओळ. रविवारी दादाकडे गेले आणि त्याची वही घेऊन बसले. वही म्हणजे मागच्या सालचं कृषी सेवा केंद्राचं कॅलेंडर, पाठकोरं. त्यावर बियाण्याच्या थैल्या, डवऱ्याचे फेर, निंदणाच्या बाया, वेचाई किलोमागे किती, सगळं आडवंतिडवं. सीतादहीचा नारळही लिहिलेला. नारळ कुठल्या ओळीत घालावा यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि 'इतर'मध्ये फोडला. पीकविम्याचा हप्ता तेव्हा एक रुपया होता. एक रुपया म्हणजे जेमतेम सेंटभर, आणि अमेरिकेचा फॉर्म पूर्ण डॉलरात भरता येतो. म्हणजे शून्य.

एक ओळ मी जरा वेळ पाहत राहिले. सरकारच्या शेती कार्यक्रमांतून मिळालेली मदत, तिची. टेक्सासातला कापूसवाला हाच तक्ता भरतो, याच ओळीत आकडा घालतो. त्या मदतीमुळे जगात कापसाचा भाव पडतो म्हणून ब्राझीलनं 2002 साली जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेवर दावा लावला आणि जिंकला. 2014 मध्ये अमेरिकेनं 300 दशलक्ष डॉलर देऊन तो मिटवला. ब्राझीलला मिळाले. आमच्या जिल्ह्याचं नाव कापसाबरोबर वर्तमानपत्रात कशासाठी छापून येतं, ते मी इथे लिहीत नाही. माझ्या त्या ओळीत शून्य घातलं. खालची बेरीज केली तर तीही शून्याखाली गेलेली. त्या हंगामात बोंडं भरली तेव्हा पाऊस, आणि चुकारा हातात आला तो आधीच दुसऱ्याचा होता.

रात्री ह्यांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "अरे वा, तोटा आहे? बरं झालं की. तेवढा वजा होईल."

मी काही बोलले नाही. पलीकडे फ्रीजचा आवाज येत होता, इतके तेही गप्प. मग म्हणाले, "दादा कसे आहेत?" मी म्हटलं, "विचारा त्यांनाच." त्यांनी दुसऱ्या दिवशी खरंच फोन केला. टॅक्सवर बोलले नाहीत, ट्रॅक्टरवर बोलले, बराच वेळ.

आणि तोटा काही लगेच वजा झालाच नाही. तक्त्याच्या वरच एक प्रश्न आहे: शेतीच्या कामात तुमचा भरीव सहभाग होता का? मी पोळ्याला पुरणपोळ्या घेऊन जाते आणि बैलांपेक्षा जास्त मीच खाते. सीएनं याला भरीव मानलं नाही. सहभाग नसला की तोटा दुसऱ्या उत्पन्नातून कापता येत नाही, पुढच्या वर्षावर ओढत न्यायचा. हे दादाला समजावून सांगितलं, तर तो खांद्यावरचा दुपट्टा झटकत म्हणाला, "तोटा पुढच्या साली ओढाचा? ते त आमी करूनच रायलो. त्याले अमेरिका कायले पायजे?"

अखेर फॉर्म तयार होऊन आला. नव्या नंबराचा अर्ज सोबत जोडायचा म्हणजे सगळं कागदावर छापून, सह्या करून, टपालानं. दत्त चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे अमेरिकन मापाचा कागद नव्हता. ए-फोर होता, लीगल होता आणि लग्नपत्रिकेचा जाड सोनेरी होता. ए-फोरवर काढलं. सहीसाठी पेन काढलं आणि सहीच्या शेजारच्या चौकोनाकडे लक्ष गेलं. 'जोडीदाराचा व्यवसाय.' त्यात सीएच्या संगणकानं आपल्या मनानं छापलं होतं: होममेकर.

दोन फॉर्म सोळा, पगारपत्रकांची चळत, आणि होममेकर!

"होममेकर म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"घर सांभाळणारी."

"मंग ते माहं नाव लेहा ना तिथी. घर त मी सांभाळतो."

मी फोन लावला आणि ह्यांना तो प्रभार ऐकवला. चौकोनात काय यायला हवं तेही सांगितलं: पदवीधर शिक्षिका, गणित-विज्ञान, तथा प्रभारी मुख्याध्यापिका, तथा शेतकरी. हे म्हणाले, "अगं, चौकोन एवढासा आहे." मी म्हटलं, "मग चौकोन बदलायला सांगा." बरीच घासाघीस होऊन 'टीचर'वर मिटलं. प्रभार मावला नाही. सही मात्र मी मराठीत केली, शाळेच्या हजेरीपटावर करते तशी, खाली दोन टिंबं देऊन. ती चालेल का म्हणून हे आठवडाभर काळजीत होते. चालली.

नऊपासून सुरू होणारा माझा नंबर आला आणि काही महिन्यांनी परतावाही आला, ह्यांच्या खात्यात. थकबाकीला दोघं जबाबदार, तर परताव्यालाही दोघं, असं मी कलमासकट सांगितलं, कलम माझ्या मनाचं होतं. माझ्या वाट्याचे पैसे इकडे आले. सासूबाईंचं मत बोअर मारण्याचं होतं, पण दादाकडे रानडुकरांनी उच्छाद मांडला होता, तेव्हा सोलरचं झटका मशीन घ्यायचं ठरलं. दुकानदार साध्या चिठ्ठीवर आकडा लिहायला लागला. मी त्याचा हात थांबवला. पक्कं बिल पाहिजे. पुढच्या वर्षी शेड्यूल एफला लागेल, आणि कागद नीट ठेवले नाहीत तर काय काय संपतं, ते त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

"बिल कोणाच्या नावानं करू?" त्यानं बिलबुक उघडलं.

मी सांगायला सुरुवात केली. 'तथा प्रभारी'पर्यंत येता येता त्यानं पेन कानावर ठेवलं. "मॅडम," तो म्हणाला, "दोन पावत्या फाडू का?"